शाई भरलेलं पेन आणि कौसाबाईचा जबाब

"तुमच्या पेनात शाई होती का?" आरोपीच्या वकिलांनी मला विचारलं.

"होती."

"निब मोडली होती?"

"नाही."

"मग पेन लिहायचं का थांबलं?"

"माहीत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा. रिटायर नायब तहसीलदार, शपथ घेतलेला माणूस, आणि पाच मिनिटांत माझ्या तोंडून 'माहीत नाही'. हे उत्तर देणाऱ्या तलाठ्यांना मी आयुष्यभर झापत आलो होतो.

झालं ते असं. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. माझी मुलगी मनीषा जपानमध्ये नोकरीला आहे. तिनं तिकडून मला एक फाउंटन पेन पाठवलं. आपल्या जुन्या पेनात रबरी नळी असते, ती दाबून शाई भरतात. यात नळीच नाही. अख्खं पेन म्हणजे एक पारदर्शक टाकी, आत किती शाई आहे ते बाहेरून दिसतं. मागं एक शेपटी आहे. ती फिरवून सैल करायची, आतला लांब दांडा बाहेर ओढायचा, निब दौतीत बुडवायची आणि दांडा खाली दाबत जायचं. दाबताना काहीच होत नाही. आतली हवा निघून जाते आणि पोकळी तयार होते एवढंच. दांडा पार तळाला टेकला की मात्र भस्सकन शाई वर चढते. पहिल्यांदा भरलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बोअरला पाणी लागल्यासारखे काय नाचताय!"

माहितीचा कागद सोबत होता, पण जपानीत. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला.

माझी एक सवय आधीच सांगतो. कारकून असताना माझ्या पेनातली शाई एकदा सातबाराच्या रजिस्टरवर सांडली होती. अव्वल कारकुनांनी सगळ्या ऑफिससमोर माझी जी हजेरी घेतली, ती अजून कानात आहे. तेव्हापासून जे आवळता येतं ते मी आवळतो. दौत, नळ, लोणच्याची बरणी. हिचं म्हणणं, मी लावलेलं झाकण उघडायला गडी लावावा लागतो. जपानी पेनाची शेपटीसुद्धा मी शाई भरली की जीव खाऊन आवळायचो.

एके दिवशी सकाळी पोलिसांचं पत्र आलं. सरकारी दवाखान्यात जाऊन मृत्युपूर्व जबाब घ्यायचा होता. पेशंट वाचण्याची आशा नसली की त्याचं म्हणणं आमच्यासारख्या अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचं असतं. माणूस गेल्यावर तोच कागद कोर्टात त्याच्या जागी बोलतो. म्हणून तो स्वतःच्या हातानं लिहायचा, पेशंटच्याच शब्दांत. आधी डॉक्टरांनी पेशंट शुद्धीवर असल्याचं लिहून द्यायचं, शेवटी जबाब वाचून दाखवायचा आणि अंगठा घ्यायचा. मी पेनात शाई भरली, शेपटी आवळली आणि जीपमध्ये बसलो.

कौसाबाई बेंबळीकडच्या एका शेतावर मजुरीला होती. मालकाचा ट्रॅक्टर मागं घेताना तिच्या अंगावरून गेला होता. मालकानं पोलिसांना सांगितलं की ड्रायव्हर लिंबराज चालवत होता. लिंबराज तेच कबूल करून चार दिवस लॉकअपमध्ये बसला होता. मालकानंच त्याला, "तू नाव घे, बाकीचं मी बघतो," म्हणून भरीस घातलं होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाई हळू बोलत होती, पण शुद्धीत होती. नाव, गाव, किती वाजता शेतावर आली, काय काम चाललं होतं, सगळं लिहीत गेलो. पेन लोण्यासारखं चालत होतं. पहिलं पान भरलं. दुसऱ्या पानावर पाचव्या ओळीत मी प्रश्न लिहिला, 'ट्रॅक्टर कोण चालवत होते?'

"मालकाचं पोरगं व्हतं. अभिजित," बाई म्हणाली. "लिंबराज खाली उभा व्हता. त्यो नगं नगं म्हनत व्हता."

मी 'मालकाचं' लिहायला गेलो आणि पेन कोरडं. नुसता ओरखडा. झटकलं. पुन्हा ओरखडा. उजेडात धरलं तर टाकीत शाई डुचमळतेय! बाईचा श्वास लागत होता. पेनाशी झटापट करायची वेळ नव्हती. शेजारच्या सिस्टरच्या खिशातलं बॉलपेन मी मागितलंसुद्धा नाही, सरळ काढून घेतलं आणि पुढचं सगळं त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. बाईनं "बराबर हाय" म्हणून मान हलवली. अंगठा घेतला, डॉक्टरांनी सही केली, पाकीट सील झालं. दुसऱ्या दिवशी कौसाबाई गेली.

जबाबावरून लिंबराज सुटला आणि अभिजित आरोपी झाला.

इकडं माझ्या डोक्याचा भुगा. दुपारी घरी येऊन काय अडकलंय ते बघायला शेपटी फिरवली, दांडा जरासा हलवला, परत आवळली आणि कागदावर निब टेकवली. लिहायला लागलं! धाराशिवला पेनच्या दुकानात नेलं. दुकानदारानं शेपटी सैल केली, दांडा ओढून बघितला, दोन ओळी झकास लिहिल्या आणि म्हणाला, "साहेब, याला काय धाड भरली न्हाय. तुमचा हात जड असंल." हात हलका ठेवून घरी लिहायला बसलो, तर दीड पानावर परत ठप्प. धुतलं. शाई बदलली. कागद बदलला. मी हात लावला की चालायचं आणि विश्वास टाकला की थांबायचं.

मनीषाला विचारायचं होतं. पण ती दर फोनला, "बाबा, पेन कसं चालतंय?" विचारायची आणि मी दर वेळी, "एकदम फर्स्ट क्लास," म्हणायचो. पोरीनं पगारातून पाठवलेली वस्तू. बिघडलीय हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

दोन वर्षांनी समन्स आलं. तोवर मी रिटायर होऊन तेरला राहायला गेलो होतो. पेन खिशात घेतलं, कारण वकील त्याबद्दल विचारणार असं सरकारी वकिलांनी सांगून ठेवलं होतं. निघताना शाई भरली आणि आवळली. एसटीत शर्ट खराब व्हायला नको.

आरोपीच्या वकिलांनी जबाबाचा कागदच वर धरला. "पहिलं पान निळ्या-काळ्या शाईत. दुसऱ्या पानावर प्रश्नापर्यंत तीच शाई. आणि नेमकं माझ्या अशिलाचं नाव वेगळ्या पेनानं! पेन बदलल्याची नोंद कुठं आहे?"

"केली नाही."

"का?"

"बाईकडं लक्ष होतं."

डॉक्टरांची साक्ष माझ्या आधी झाली होती. आपलं लक्ष पेशंटकडं होतं, पेनाकडं नव्हतं, असं ते प्रामाणिकपणे सांगून गेले होते. बॉलपेनवाल्या सिस्टरचं नावही मी कुठं लिहिलं नव्हतं, त्यामुळं तिला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. वकिलांचं म्हणणं सरळ होतं. प्रश्नाचं उत्तर बाईनं दिलंच नाही, जागा कोरी होती, नाव मागून कुणीतरी भरलं, आणि ट्रॅक्टर लिंबराजच चालवत होता. मी मागं बघितलं. लिंबराज दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. मी घेतलेला जबाब फेटाळला गेला तर दोन वर्षांपूर्वीचं बालंट पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसणार होतं. अंगठा बाईनं शेवटी दिला होता, सगळं ऐकून दिला होता. पण माझी एक नोंद राहिली म्हणून तिचं बोलणं खोटं ठरत होतं.

न्यायाधीश मॅडम इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "ते पेन आहे तुमच्याकडे?"

"आहे मॅडम."

"लिहून दाखवा."

मी एक ओळ लिहिली. सुरेख उमटली. वकील दोन्ही हात पसरून म्हणाले, "चालतंय की!"

"मॅडम, त्या दिवशीसुद्धा आधी चाललं होतं," मी म्हणालो. आवाज माझा मलाच रडका वाटला.

"मग थांबेपर्यंत लिहा. हाच जबाब उतरवा."

स्टेनोच्या टेबलाशी मला बसवलं. पेन मी तसंच चालवलं. लिहिता लिहिता कौसाबाईचा आवाज कानात यायला लागला. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानाची पाचवी ओळ आली. 'ट्रॅक्टर कोण चालवत होते?' पेन थांबलं नाही. 'मालकाचं पोरगं' झरझर उमटलं. अभिजितचं नाव उमटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पेन बंद पडावं म्हणून देवाचा धावा करत होतो, आणि ते माझ्या नाकावर टिच्चून चाललं होतं. वकील घड्याळाकडं बघायला लागले.

'लिंबराज खाली उभा व्हता' इथवर आलो. 'त्यो न' लिहिलं आणि ओरखडा.

मी पेन तसंच मॅडमकडं दिलं. त्यांनी स्वतः कागदावर ओढून बघितलं. झटकलं. खिडकीच्या उजेडात धरलं.

"वकीलसाहेब, हे पाहा. टाकी जवळजवळ भरलेली आहे."

वकिलांनी पेन हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. "का थांबतं हे?" त्यांनी आता खरोखरच विचारलं.

"दोन वर्षं झाली, मीपण तेच विचारतोय," मी म्हणालो. मॅडमसुद्धा हसल्या.

पुढं निकालात त्यांनी लिहिलं की शाई असूनही हे पेन थांबतं हे न्यायालयानं स्वतः पाहिलं. जबाब ग्राह्य धरला. अभिजितला शिक्षा झाली.

त्या दिवशी साक्ष देऊन बाहेर आलो तर लिंबराज व्हरांड्यात आडवा आला. मी त्याची माफी मागितली. नोंद माझीच राहिली होती. त्यानं ते ऐकलंच नाही.

"साहेब, मावशीनं माजं नाव घेतलं व्हतं का? म्या खाली उभा व्हतो म्हनून?"

"घेतलं होतं."

"आन नगं म्हनत व्हतो, ते?"

"तेही सांगितलं तिनं."

"मंग बास," म्हणाला आणि टोपीनं डोळे पुसत खाली उतरला.

त्या संध्याकाळी मी मनीषाला फोन लावला आणि एकदाचं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, लिहिताना मागची शेपटी थोडी सैल ठेवायची असते. घट्ट केली की आतली झडप टाकीचं तोंड बंद करते. विमानात, प्रवासात शाई गळू नये म्हणून. मग निबेपाशी उरलेली शाई संपेपर्यंतच पेन लिहितं. कागदात चित्र आहे की!"

ड्रॉवरमधून कागद काढला. चित्र होतं. सैल केलेली शेपटी आणि शेजारी बाण. कुठलीही भाषा येत नसलेल्या माणसाला कळेल असं. मी कपाळावर हात मारला. हिनं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं लोणच्याची बरणी माझ्यासमोर आणून ठेवली.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते. हे मला आधी कळलं असतं तर दवाखान्यात पेन थांबलं नसतं. आणि दवाखान्यानंतर, पण साक्षीच्या आधी कळलं असतं, तर कोर्टात मी सवयीनं शेपटी सैल करून लिहिलं असतं, पेन दहा पानं चाललं असतं आणि माझं खरं बोलणं कुणाला पटलं असतं कोण जाणे. माझ्या अडाणीपणानं गोत्यात आणलं की बाहेर काढलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही.

आता नवे नायब तहसीलदार कधी भेटले, तर त्यांना मी पेनाचं काही सांगत नाही. एवढंच सांगतो की जबाब घेताना पेन बदललं तर समासात लिहा, 'पेन थांबल्याने बदलले', आणि खाली सही करा. मी ती ओळ लिहिली नाही, आणि सुटलेला लिंबराज दोन वर्षांनी कोर्टाच्या दाराशी टोपी चुरगाळत उभा राहिला.