व्हिएतनामला जाऊन भातलावणी

सांगू की नको असं झालंय, पण आता चहा टाकलाच आहे तर ऐका. आमच्या घरातली पहिली परदेशवारी बुडाली. पावसानं नाही, विमान कंपनीनं नाही. मी बुडवली.

माझा दादा पुण्यात नोकरीला. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं व्हिएतनामला जायचं ठरवलं. तो, वहिनी, त्यांची दोन पोरं ईश्वरी आणि ओम, आई आणि मी. राहायची जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी.

ईश्वरीला घसरगुंडीवाला स्विमिंग पूल हवा होता. ओमला ईश्वरीला हवं ते हवं होतं. आईची मागणी सगळ्यात छोटी.

"कुठंबी ने बाय. फकस्त सकाळचा च्या कुणीतरी आयता आणून द्यावा. आन् चिखल नको."

आमचं घर भोरच्या डोंगरात, हिर्डोशीला. आईनं किती पावसाळे वाकून भात लावलाय ते तिच्या कमरेला विचारा.

आता माझं बघा. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी रिसॉर्ट उभे राहतायत, त्यांच्याविरुद्ध भोरच्या चौकात भाषण करणारी ती मीच. वर निळ्या पाण्याचे हौद आणि खालच्या वस्तीला टँकर, यावर मी घसा बसेपर्यंत बोललेय. मी पूलवालं हॉटेल निवडणार? मी दादाला मेसेज टाकला, 'आपण पर्यटक म्हणून नाही, पाहुणे म्हणून जायचं. खऱ्या माणसांत राहायचं.' दादा मीटिंगमध्ये होता. त्यानं नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्यावर मी डोंगरातलं एका शेतकऱ्याचं घर ठरवून टाकलं. फोटोत लाकडी माडी, धुकं आणि हिरवेगार डोंगर.

ते डोंगर कशानं हिरवे असतात, हे हिर्डोशीच्या मुलीला कळायला नको? नाही कळलं.

व्हिएतनामात उतरलो, गाडीनं रस्त्याला सोडलं. पुढं चढ. दादानं बॅग डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "मला वाटतं विमान फिरून परत आपल्याच वरंध घाटात उतरलं."

वळण संपलं आणि समोर भाताची खाचरं. पायऱ्यापायऱ्यांनी पार आभाळाला भिडलेली. आणि ऐन लावणी चाललेली. गुडघाभर चिखलात बायका वाकलेल्या.

आई थांबली. आधी त्या बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्येच दाखवायला विमानात बसवलंस व्हय गं?"

"आई, इथलं जगणं बघ ना, किती…"

"बघितलंय म्या."

"आत्या, पूल कुठाय?" ईश्वरीनं विचारलं. वहिनीनं खाचराकडे बोट दाखवलं.

घरमालक तुआन आणि त्याची बायको लान, माणसं लाखात एक. पण सकाळी उजाडायच्या आत दोघं रानात. मग चहा कोण करणार? आईनंच चूल पेटवली. चहा पिऊन बांधावर उभी राहिली, आणि लानची रोपं फार दाट लागतायत हे काही तिला बघवेना. कासोटा घातला आणि उतरली चिखलात.

मी काय केलं? फोटो काढला. खाली लिहिलं, 'दोन देश, एकच माती.' भोरच्या मित्रमैत्रिणींनी डोक्यावर घेतला.

दुसऱ्या रात्री जेवताना तुआन मोबाईलमध्ये काहीतरी बोलला आणि मोबाईलनं मराठीत सांगितलं, "तुम्ही आमच्यासारखेच आहात. आमच्या मुलांनाही सुट्टी लागली आहे. आम्ही दोन दिवस फिरायला गेलो तर डुकरं, कोंबड्या आणि शेताचं पाणी तुम्ही बघाल का?"

दादानं तोंड उघडायच्या आत मी 'हो' म्हणाले. कष्टकऱ्यालाही सुट्टी मिळाली पाहिजे, हे माझ्या भाषणातलंच वाक्य. ते कुठल्या तोंडानं गिळू?

तुआननं पुढं विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. मुलांसाठी चांगलं हॉटेल शोधून द्याल?"

दिलं. ताट धुवायच्या आत दिलं. पूल, घसरगुंडी, सगळं. तत्त्व आड आलं नाही, कारण राहणार ते होते.

सकाळी ती मंडळी नवे कपडे घालून निघाली. आम्ही दारात उभं राहून हात हलवला. मग दादा खाचराच्या बांधातली पाण्याची मोरी बांधायला गेला, आई डुकरांचं बघायला. वहिनी दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "आपण इथं पाहुणे आहोत की गडी, तेवढं एकदा सांगा वन्सं." पोरं कोंबड्यांमागे पळत होती. ईश्वरी तर पूलसाठी रडायचंही विसरली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

ती मंडळी परत आली ती उन्हानं लाल होऊन. लाननं धावत येऊन आईचे हात धरले, मोबाईलमध्ये भडाभडा बोलली. मोबाईल म्हणाला, "दोन दिवस मी एकही काम केलं नाही. सकाळी चहा खोलीत आणून देत होते."

आईनं खूण करून ते पुन्हा ऐकवायला लावलं. ऐकलं. चिखलाचे हात पदराला पुसले. आणि अगदी मनापासून मला म्हणाली,

"लई चांगलं हाटेल निवडलंस गं तिच्यासाठी."