तीन हाका आणि लोकरीची दाढी

थोरल्या भावानं मारलेल्या तीन हाकांना ओ दिली नाही म्हणून भावकीनं येडबाला वाळीत टाकलं. हाका मारल्या तेव्हा तो पूर्णा स्टेशनाजवळच्या रेल्वे कॉलनीत होता. अंगात लाल कोट, डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर पोतं आणि तोंडावर छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी. तो १९३९ सालचा नाताळ होता.

येडबाचं घर पूर्णेपासून कोसभरावरच्या हटकर धनगरांच्या वाडीत. दोघा भावांची मेंढरं एकत्रच चरत, विकायची तेवढी दर साल वाटून घेत; चुली वेगळ्या. थोरला ग्यानबा खंडोबाच्या ठाण्याचा कारभार बघे आणि भावकीत त्याचा शब्द शेवटचा असे. येडबा मेंढरं राखी, लोकर कातरी आणि वर्षाचे बहुतेक दिवस गप्प असे. त्याला नाद होता तो सोंगांचा.

चंपाषष्ठीच्या जत्रेत ठाण्यासमोर सोंगं निघत. येडबा म्हातारा होई. अंबाडीच्या वाखाची दाढी, वाकलेली पाठ, हातात काठी. हा म्हातारा जत्राभर फिरून प्रत्येकाला शिव्या देई. पाटलाला देई, दुकानदाराला देई, ठाण्याच्या भगतालाही सोडत नसे. सोंगातल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नाही अशी समजूत होती, त्यामुळे शिव्या खाऊन लोक हसत. एका वर्षी म्हाताऱ्यानं ग्यानबालाच गाठलं. "सगळी मेंढरं सारखीच, पण वाटणीच्या दिवशी ह्याच्याकडची तेवढी गाभण निघत्यात," असं भर जत्रेत म्हणाला. ग्यानबाही हसला. पण घरी आल्यावर तो आठवडाभर भावाशी एक शब्दही बोलला नाही.

सोंगाची एक रीत कडक होती. दाढी उतरेपर्यंत आपल्या नावाला ओ द्यायची नाही. ओ दिली तर खेळ मोडला आणि जत्रेला दोष लागला. ही रीत येडबाला ग्यानबानंच शिकवली होती. लहानपणी तो धाकट्याच्या तोंडाला दाढी बांधी आणि मागून हाका मारी, "येडबा, आरं ये येडबा, माय बोलवायलीय." पोरगं वळलं की पाठीत गुद्दा बसे. असे बरेच गुद्दे खाल्ल्यावर येडबा वळायचा थांबला.

मस्करेन्हस नावाचा गोव्याकडचा एक गार्ड कॉलनीत राहत होता. १९३८ च्या जत्रेत त्यानं हा म्हातारा पाहिला. कॉलनीत नाताळाला ख्रिसमस बाबा होणारा जुना ड्रायव्हर त्याच सुमारास बदलून गेला होता. गार्डानं येडबाला बाजूला घेतलं.

"हमारे पास भी एक बुड्ढा है. तू बनेगा?"

"तुमचा म्हातारा काय करतो?" येडबानं विचारलं.

"बच्चों को खाऊ देता है."

"आन शिव्या?"

"शिव्या बिलकुल नाही."

"मंग त्याला बघायला येतं कोण?"

गार्डाची अट एकच होती. आत कोण आहे हे पोरांना कळता कामा नये. कुणी नावानं हाक मारली तरी बोलायचं नाही. येडबाला यात नवीन काही वाटलं नाही.

पहिलं वर्ष वाईट गेलं. अंबाडीची दाढी पिवळट आणि राठ होती. ज्या मुलीला त्यानं पहिलं संत्रं दिलं, ती दाढी बघून किंचाळली. एका ड्रायव्हरच्या बायकोनं नाकाला रुमाल लावला. "मेंढी की बास आती है," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि तिनं आपल्या मुलाचे हात पुसून घेतले. ती किंचाळलेली मुलगी मात्र येडबाच्या डोक्यातून गेली नाही. जत्रेतही पोरं त्याला बघून रडत. तिथं त्यांना रडवायचंच असे. इथं रडू आलं म्हणजे सोंग फसलं होतं.

कॉलनीचा नाताळ जिथं होई त्या रेल्वेच्या संस्थेच्या भिंतीवर येशूची तसबीर होती, खांद्यावर कोकरू घेतलेली. येडबानं ती बराच वेळ पाहिली. "असं धरलं तर कोकराची मान अवघडती," तो गार्डाला म्हणाला. वाडीत परतल्यावर त्यानं सांगितलं, "त्यांचा देव बी मेंढरंच राखतो." हे वाक्य वाडीत फिरलं आणि फिरता फिरता येडबा किरिस्ताव झाला. वास्तविक लाल टोपी चढवण्यापूर्वी त्यानं कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला होता. टोपीखाली तो कुणाला दिसला नाही.

पुढच्या नाताळासाठी त्याला पांढरी दाढी हवी होती. कापूस लावून पाहिला. पिंजलेला कापूस तोंडावर दवाखान्यातल्या पट्टीसारखा दिसे. लोकर वळते, हलते, खऱ्या केसासारखी पडते. पण वाडीतली सगळी मेंढरं काळी. पांढरा एकटा धवळ्या होता आणि तो देवाचा होता.

खंडोबाला सोडलेला हा मेंढा दर वर्षी एका घराकडे राही. ज्या घराची पाळी, त्यानं त्याला राखायचं, कातरायचं आणि त्या लोकरीचं देवाचं आसन विणून चंपाषष्ठीला ठाण्यात द्यायचं. हा मान होता. पाळी चुकली तर घराला भावकीत किंमत उरत नसे. त्या वर्षी पाळी येडबाकडे होती. त्यानं पाठीच्या आणि कुशीच्या लोकरीचं आसन विणून दिलं. पोटाची लोकर आखूड, कुसळांनी भरलेली. तिचं सूत निघत नाही, म्हणून ती आजवर प्रत्येक घरानं टाकूनच दिली होती. येडबानं ती टाकली नाही. त्यानं कुसळं वेचली, रिठ्यानं धुतली आणि बोटांनी विंचरून दाढी केली.

त्याची बायको कासाबाई हे बघत होती. "फेकायचीच हाय ती," ती म्हणाली, "पर वाळत घालू नगा भाईर."

त्यानं ती बाहेरच वाळत घातली. वाडीचा चंद्रभान रेल्वेत गँगमन होता. त्यानं ती आधी वाडीत कुडावर पाहिली आणि मग नाताळाच्या सकाळी कॉलनीत खुंटीवर पाहिली. जेवणाच्या सुट्टीत तो ग्यानबाकडे गेला.

दुपारी संस्थेच्या व्हरांड्यात पोरं रांगेत उभी होती. या वेळी रडत कुणीच नव्हतं. गेल्या वर्षी किंचाळलेली मुलगी दाढीला हात लावून बघत होती. तेवढ्यात ग्यानबा भावकीतली चार माणसं घेऊन पायऱ्या चढून आला. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. त्यानं मुलीला बाजूला सारलं आणि डाव्या हातानं दाढी धरली. धनगराला लोकर डोळ्यांनी बघावी लागत नाही.

"धवळ्या हाय ह्यो," तो मागच्या चौघांना म्हणाला. "पोटाची हाय."

मग त्यानं मूठ उघडली. मुठीत भंडारा होता. चौघं एकमेकांकडे बघायला लागले. भावकीत जुनी रीत होती. थोरल्यानं हातात भंडारा धरून तीनदा हाक मारायची. धाकट्यानं ओ दिली नाही, तर त्यानं आपणहून घर सोडलं असं धरायचं. ओ न देणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता.

"येडबा!"

पोरांना वाटलं, हाही खेळच. पागोटंवाल्या पाहुण्याला बघून ती टाळ्या पिटायला लागली.

"येडबा!"

ड्रायव्हरची बायको म्हणाली, "कौन है ये गँवार? निकालो इसको." मस्करेन्हस पुढे आला आणि ग्यानबाच्या हातातली पिवळी पूड बघून मध्येच थांबला. येडबानं पोत्यात हात घातला, एक संत्रं काढलं आणि मान लववून भावापुढे धरलं. पोरं खदखदून हसली.

ग्यानबाला दोन्ही रिती ठाऊक होत्या. तिसऱ्या हाकेआधी तो थांबला, हे चौघांनीही पाहिलं. मग संत्र्याकडे बघत त्यानं तिसरी हाक मारली. येडबा रांगेतल्या पुढच्या मुलाकडे वळला.

त्याच संध्याकाळी ठाण्यापुढे भावकी बसली. दाढी उतरलेली होती, त्यामुळे येडबा आता बोलू शकत होता.

"सोंगात व्हतो," तो म्हणाला. "सोंगात ओ देत नसतेत. ह्यानंच शिकवलंय मला."

"ती रीत देवापुढची," ग्यानबा म्हणाला. "किरिस्तावाच्या वसरीत कसली आली रीत?"

"सोंग ते सोंग. देव बघून रीत बदलत न्हाई."

"आन धवळ्याची लोकर?"

"तुझ्या पाळीला तू ती उकिरड्यावर टाकली व्हतीस, दादा. मी धुतली."

यावर बैठकीत कुणीतरी हसलं, आणि येडबाचं जे काही वाचण्यासारखं होतं तेही गेलं. ग्यानबा ताडकन उठला. मेंढरं वाटली गेली. धवळ्या ग्यानबाच्या दावणीला गेला. येडबाच्या घराची पाळी बंद, ठाण्याची पायरी बंद, पाणी वेगळं. जत्रेतलं म्हाताऱ्याचं सोंगही बंद.

कासाबाईनं रात्री चूल विझवली. मग म्हणाली, "एक 'ओ' म्हणायला काय जीभ झडली व्हती? रेल्वेच्या पोरांनी काय तुमाला पिंड द्यायचाय?" पुढची कित्येक वर्षं ती हे वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचं माहेर भावकीच्या सोयऱ्यांतलं होतं, आणि तिथलं कुणीही पुन्हा तिच्या दारात आलं नाही.

येडबा दर नाताळाला कॉलनीत जात राहिला. तीच दाढी तो दर वर्षी रिठ्यानं धुई. ड्रायव्हरची बायको दर वर्षी मुलांचे हात पुसून घेई. मस्करेन्हस बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा गार्ड आला, त्यालाही हा म्हातारा कॉलनीच्या सामानासारखा मिळाला. वाडीत दुसऱ्या कुणी कुणी म्हाताऱ्याचं सोंग घेऊन पाहिलं. त्यांच्या शिव्यांना कुणी हसलं नाही. पुढे रझाकारांच्या दिवसांत जत्राच बंद पडली.

पोलीस ॲक्शननंतर, १९४८ च्या डिसेंबरात, पहिली चंपाषष्ठी आली. इतक्या वर्षांनी जत्रा मोकळेपणी भरणार होती आणि भावकीला म्हातारा हवा होता. ग्यानबा स्वतः येडबाच्या दारात आला. त्याला आता काठी लागत होती. तो आत आला नाही. अंगणातूनच बोलला.

"मिटवून टाकू. चौघांपुढं एवढंच म्हण, लोकर कानावर आली व्हती, हाक ऐकू आली न्हाई. पाळी परत देतो. सोंग तुझंच."

कासाबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

 पाळी, ठाणं, सोंग, बायकोचं माहेर, सगळं एका वाक्यावर आलं होतं आणि ते वाक्य अवघड नव्हतं.

"ऐकली," येडबा म्हणाला. "तिन्ही ऐकल्या. तिसरी जरा बारीक आली."

ग्यानबाचा चेहरा उतरला, मग तापला. "मंग मर हितंच," तो म्हणाला. "तुझं तोंड देवालाबी बघायचं न्हाई." काठी टेकत तो निघून गेला.

कासाबाईनं चुलीवरचं भांडं उतरवलं, लुगडं नीट केलं आणि दिराच्या मागोमाग ती ठाण्याकडे गेली. तिच्या घराला पायरी बंद असल्याचं त्या दिवशी कुणी काढलं नाही. दिवस मावळता ती परत आली. कपाळभर भंडारा होता, पदरात प्रसादाची पुरचुंडी होती. तिनं ती कोनाड्यात स्वतःपुरती ठेवली.

येडबा अंगणात बसून दाढीतली कुसळं वेचत होता. नाताळ थोड्याच दिवसांवर आला होता. त्यानं प्रसाद मागितला नाही.