येडाईचा टाक आणि आमची विहीर

इथे लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीला सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि शेवटी सांगतात की आता बसला. माझं तसं नाही. माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. ‘ताई, आता तरी माना’ अशी कमेंट कुणी लिहिणार असेल तर तसदी घेऊ नका. तरी लिहितेय, कारण जे घडलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि खोटं बोलायची मला सवय नाही. सगळी हयात नर्सची नोकरी करण्यात गेली. जे दिसतं ते चार्टवर लिहायचं, पटो न पटो.

आमचं गाव चाकूरपासून दोन कोसांवर. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून ‘जि. लातूर’ लिहिलं होतं, तरी खालचं उस्मानाबाद दिसायचंच. त्यात लागोपाठ पाऊस हुकलेला. मी लातूरला नोकरीला होते, आणि वहिनीला आठवा महिना होता म्हणून रजा टाकून गावी आले होते.

आता थोडं मागचं सांगावं लागेल. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा घरोघरचे देव पाण्यात सोडले. आमच्या घरी चार टाक होते. टाक म्हणजे देवाचं चित्र ठोकून उठवलेला तांब्याचा छोटा पत्रा, देव्हाऱ्यात ठेवतात तो. गावच्या ओढ्यात टाकले तर कुणीतरी काढून आणील, म्हणून माझे वडील, अण्णा, बाकीच्या माणसांबरोबर दहा-बारा कोस चालत मांजरा नदीवर गेले आणि डोहात आपल्या हातानं सोडून आले. त्यातला एक टाक येडाईचा, आमच्याकडच्या देवीचा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं. अण्णांनी लहानपणी बकरीच्या गळ्यात घालायला खिळ्यानं पाडलेलं. त्याबद्दल आजोबांचा जो मार खाल्ला तो ते आम्हाला हसत हसत सांगायचे... आम्ही देव कधी पाहिले नाहीत, पण ते भोक आम्हाला पाठ होतं.

आणि विहीर? ती आमच्या वस्तीनं बहात्तरच्या दुष्काळात खणली. म्हणजे देव बुडवल्यावर सोळा वर्षांनी. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना पोहरा टाकायची मुभा नव्हती. कुणी वाढील तेव्हा घ्यायचं, तोवर लांब उभं राहायचं. त्याला कंटाळून आमच्या माणसांनी टिकाव उचलले. मी तेरा वर्षांची होते, मुरमाच्या पाट्या मीही डोक्यावरून वाहिल्यात. त्यामुळे त्या जागी आधी काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नाही. नुसता माळ होता.

तर त्या वर्षी ही विहीर आटली. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आमच्या बायका पुन्हा लांब उभ्या. आठव्या महिन्याची वहिनीसुद्धा. ते बघून तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, विहीर आणखी खाली न्यायचं ठरवलं. दोन दिवस गाळ काढला. तिसऱ्या दिवशी तळाचा मुरूम फोडायला घेतला. तो इतका टणक की टिकाव वाजायचा.

भर दुपारी खालून मिलिंदची हाक आली. “अक्का, खाली ये. तूच ये.”

मी साडी खोचून दोराला धरून उतरले. मिलिंद घामानं निथळत होता, पण त्याचा आवाज थंड पडला होता. समोर मुरमाचं एक ढेकूळ नुकतंच फुटून दोन झालं होतं. एका तुकड्यात तांब्याचा टाक अडकलेला. दुसऱ्या तुकड्यात त्याचा ठसा — देवीचा मुकुट, डोळे, सगळं उलटं उमटलेलं. मी ठशावरून बोट फिरवलं. टाक सोडवला, पदरानं पुसला. वरच्या कोपऱ्यात भोक होतं.

आता जे लिहिते ते लिहायची मला लाज वाटते. माझे हात आपोआप जोडले गेले. दीक्षा घेतलेल्या घरातली मुलगी मी, रोज माणसं जगताना-मरताना बघणारी... आणि हात जोडून उभी. वर पाहिलं तर काठावरून अण्णा माझ्याकडेच बघत होते.

टाक वर गेला. अण्णांनी भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं. “माजंच हाय,” एवढंच बोलले.

तासाभरात गाव लोटलं. आमच्या विहिरीवर गावातलं माणूस त्याआधी कधी आलं नव्हतं. सरपंचांनी तर काठावर चपला काढल्या. नाटक नव्हतं ते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आयुष्यभर अण्णांना ‘किसन्या’ म्हणणारे ते आज म्हणाले, “किसनराव, आई चालत आली तुमच्याकडं. हितं चौथरा बांधू. टँकर उद्यापासून हितंच रिकामा करायला लावतो. आईला का तहानेली ठिवायची?”

अण्णांनी वहिनीकडे बोट केलं. ती पोटाला हात लावून रिकाम्या घागरीजवळ बसली होती. “आन् ही तहानेली चालती व्हय, सरपंच?”

सरपंच उद्या सकाळपर्यंत विचार करा म्हणून गेले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते मी विसरणार नाही. आई रडत म्हणाली, “मी थकलेव आता पाणी भरून. मनातून नका मानू, पर चौथरा बांधला तर काय बिघडतंय? पोरीचा जीव तर वाचंल.”

वस्तीतल्या बऱ्याच जणांचं तेच म्हणणं होतं. आणि खरं सांगू? वहिनीचे सुजलेले पाय बघून माझंही तेच होतं.

अण्णा म्हणाले, “आज चौथरा. उद्या नारळ. परवा जत्रा भरंल, मग पुजारी ठिवावा लागंल, त्यो कोन आसंल? गावातला. मग त्यो ठरवील हिरीवर कोन चढायचं. ही हीर आपण खांदली माय, आपल्याच हिरीपसून मला पुन्ना लांब हुबं ऱ्हायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अण्णा आणि मी वस्तीसाठी टँकरचा अर्ज द्यायला लातूरला निघालो. गाडीत अण्णा म्हणाले, “शीला, काल हात जोडलीस.”

“हो अण्णा.”

“भ्यालीस?”

“हो.”

“भ्यावं. मी बी भ्यालो. भ्याल्यावर काय करावं ते आपल्या हातात आस्तंय.”

जिल्ह्याची कचेरी नवीन, माणसं जास्त आणि टेबलं कमी. पण कचेरी लातूरला होती म्हणून आम्ही एका दिवसात जाऊन येऊ शकलो, उस्मानाबादला असती तर अर्ज लिहायलाही कुणी उठलं नसतं. क्लार्क म्हणाला, गावात विहीर असताना वस्तीला वेगळा टँकर कशाला? अण्णांनी शांतपणे विचारलं, “तितं आमाला पोहरा टाकू देत न्हाईत. हे अर्जात लिवू का, सायेब?” त्यानं अर्ज घेतला. टाकाबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही.

मधले दिवस वाईट गेले. चौथऱ्याला नकार दिला म्हणून गावानं बोलणं तोडलं, मिलिंदनं दूरच्या एका मळ्यातून डोक्यावर पाणी आणलं, आईनं अण्णांशी अबोला धरला. दहाव्या दिवशी टँकर आला. आमच्या विहिरीत पाणी कोसळताना सगळी वस्ती काठावर उभी होती, आणि वहिनी सर्वांत पुढे.

पहिला पोहरा वर आला तो धो-धो गळत. इतके दिवस पडून राहून त्याच्या पत्र्याच्या तळाला गंजून भोक पडलं होतं. अण्णांनी पोहरा पालथा घातला, खिशातून येडाईचा टाक काढला, भोकावर ठेवला. आई ओरडली, “आहो, पाप लागंल!”

अण्णांनी लहानपणी पाडलेल्या त्याच भोकातून पहिला खिळा ठोकला. “दहा कोस चालून आली न्हवं? मंग घरच्यावानी ऱ्हावं. आमच्यात समदेच पाणी वढत्यात.”

आईला आधी राग आला, मग हसू आवरेना. तिनंच डांबर आणून दिलं. वहिनीला मुलगी झाली, दोघी धडधाकट. ते पाणी मिळालं म्हणून झालं, आणि पाणी अर्जामुळे मिळालं. एवढ्यापुरतं मला स्पष्टीकरण आहे.

बाकीच्याचं नाही. ठशाचा तो तुकडा मी भूजल खात्यातल्या एका साहेबांना दाखवला. म्हणाले, हा मुरूम माणूस जन्मायच्या आधीचा, यात तांब्याचा पत्रा शिरेल कसा, कुणीतरी तुमची गंमत केली. कुणी? आणि कशी? टिकाव माझ्या भावाच्या हातात होता. तसाच दुसरा टाक म्हणावा, तर भोकही त्याच कोपऱ्यात, त्याच मापाचं? तो तुकडा पुढे हातातच भुगा झाला. अण्णा गेले, ती विहीरही बुजली. मी रोज नव्यानं विचार करते आणि रोज तिथेच अडकते. पण उत्तर सापडत नाही म्हणून चौथरा बांधायचा, हे मला मान्य नाही. मला माहीत नाही, एवढं म्हणून मी थांबते.

तो पोहरा आता लातूरला माझ्या गॅलरीत आहे. तळ गंजून चाळणी झालाय, ठिगळ तेवढं शाबूत. घरी आलेली माणसं वाकून बघतात, दचकतात, विचारतात — देवी अशी का ठोकली?

मी त्यांना सांगते, आमच्यात सगळेच पाणी ओढतात.