बॉम्बसरांचं अपुरं व्याख्यान

भिकनसरांचा बॉम्ब चोपड्यात कधी पडलाच नाही. दर वेळी तो आभारप्रदर्शनात अडकायचा. आम्हाला भौतिकशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले आणि 'अमेरिकेने पहिला अणुबॉम्ब कसा बनवला' हे एकच व्याख्यान घेऊन गावोगाव हिंडू लागले. गणेशोत्सव असो की कुणाची एकसष्टी, सर हजर. ते बॉम्बच्या कारखान्यापर्यंत पोहोचले, की मागून हाक यायची, "सर, चहा थंडा व्हई राहिना!" एकदा तरी शेवटपर्यंत बोलायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"गावाला कुंपण, गळ्यात बिल्ला आणि तोंडाला कुलूप!" हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बॉम्बसाठी डोंगराआड अख्खं गाव वसवलं. खेड्यापाड्यांतल्या मुली स्टुलावर बसून दिवसभर बटणं फिरवायच्या, यंत्राचा काटा जागेवर ठेवायच्या. आपण काय बनवतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमचे लोक यावर हसत. इथे कुणाकडे मटण शिजलं हे तीन गल्ल्यांना कळतं! तांबं कमी पडलं म्हणून यंत्रांत सरकारी तिजोरीतली चांदी घातली, हे ऐकून जळगावचे सराफ तेवढे जागे होत.

शेवटी मला सरांची दया आली. मी त्यांना माझ्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये बोलावलं. फण्या धुणाऱ्या बायांना काम सोडून उठता येत नाही, एवढाच माझा हिशेब. सर दीड तास बोलले. बॉम्ब पडला, शहर जळालं, आपण काय बनवत होतो ते त्या मुलींना रेडिओवरून कळलं. सरांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

तेवढ्यात सखूअक्का, हात टाकीतच ठेवून, म्हणाली, "जवय समजनं, तवय त्या बाया रडन्यात का, सर?"

"माहीत नाही, अक्का." हे शब्द सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. चांदीचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं.

महिनाभर पुस्तकं धुंडाळून सर पुन्हा शेडवर आले, ते चिडूनच. "काही रडल्या, अक्का. पण कितीतरी जणी नाचल्या! का, तर लढाई संपली, भाऊ-नवरे घरी येणार!"

अक्काने फणी पाण्यातून काढून खोक्यात ठेवली. "मन्हा पोऱ्या बी फौजमा शे," ती म्हणाली. "मी बी नाचनी असती."

सर रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. पुढे दोन वर्षांनी ते गेले. तोवर बोलावणी पुष्कळ आली, पण ते व्याख्यान त्यांनी पुन्हा दिलं नाही.