अर्धा कप म्हणजे चहा नव्हे

नको, मला नको. तुम्ही घ्या, गार होईल. चहा का सोडला विचारताय? सोडला नाही हो, सोडवला गेला! आणि त्यात चूक सगळी माझी. इज्जत जायची ती जाऊन बसलीच आहे, म्हणून सांगतो.

मी हिंगोलीत सरकारी कचेरीत कारकून. लोकांचे अर्ज तपासणं हे माझं काम. एक रकाना चुकला की मी अर्ज परत करतो. ‘माहिती खरी आणि सविस्तर भरा’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. तेवढं ध्यानात ठेवा.

तर मला खुर्चीतून उठताना चक्कर यायला लागली. दोनदा कपाट धरून उभा राहिलो. तिसऱ्यांदा कपाटासकट खाली आलो असतो. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त किती पोहोचतं ते एमआरआयवर मोजू. सुई नाही, औषध नाही. ते मशीन चुंबकानं मानेतल्या रक्तावर खूण करतं आणि खूण केलेलं रक्त मेंदूत किती पोहोचलं ते बघतं. मला लगेच समजलं. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि कागद साहेबाच्या टेबलावर पोहोचला का ते बघायचं!

“फक्त आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद,” डॉक्टर म्हणाले. “चहानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं.”

“बंद म्हणजे बंद!” मी म्हणालो.

बायको अंगणवाडीत शिकवते, तिला त्या दिवशी रजा नव्हती. निघताना तिनं दारातच बजावलं, “माय म्हनंल घ्या, पन तुमी न्हाई म्हना.”

मेहुणा दिलीप डोंगरकड्याहून त्याच्या गाडीनं नांदेडला नेणार होता. म्हणून मी एसटीनं डोंगरकड्याला, म्हणजे सासुरवाडीला उतरलो. सासूबाई कप घेऊनच बाहेर आल्या.

“मामी, आज चहा न्हाई चालत. तपासनी हाय.”

“काहून? जावई बिनचहाचा गेला तर गाव काय म्हनंल?”

“डॉक्टरनं सांगितलंय, मामी.”

“अर्धाच हाय. अर्ध्यानं काय व्हतंय?”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं अर्ध्या कपाला कोणी चहा म्हणतं का? ‘चहा झाला का?’ विचारलं तर माणूस म्हणतो, ‘न्हाई, अर्धा घेतला तेवढा.’ म्हणजे झाला नाही! मी घेतला. शेजारीच चुलत सासूबाई. एकीकडं घेतला आणि दुसरीकडं नाही म्हटलं, तर दोघी जावांची बोलचाल बंद व्हायची. तिथंही अर्धा. नांदेडात तपासणीच्या दारातच दिलीपचा मित्र भेटला. त्यालाही मन होतंच की, तिथंही अर्धा.

आत एका मुलीनं फॉर्म पुढं केला. रकाना सहावा: गेल्या बारा तासांत चहा किंवा कॉफी घेतली आहे काय? मी बेधडक लिहिलं, ‘नाही.’ खाली सही ठोकली, वळणदार! मशीनमध्ये मळणी यंत्रात डोकं घातल्यासारखा आवाज, पण मी तसूभर हललो नाही. असा पेशंट त्यांना मिळाला नसेल.

चार दिवसांनी रिपोर्टला बायकोही आली. डॉक्टरांनी पडद्याकडं बोट केलं.

“रक्त सगळीकडंच कमी पोहोचतंय. आता जांघेतून नळी घालून तपासावं लागेल.”

खरं सांगतो, मी घाबरलो. बायकोनं पदर मुठीत धरला. कपाटाची किल्ली कुठं ठेवतो, हे तिला अजून सांगितलं नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

डॉक्टरांनी फॉर्म उलटला. “चहा नव्हता ना घेतला?”

“न्हाई.”

“अजिबात?”

“अजिबात. तीन अर्धे झाले तेवढेच.”

बायकोनं बोटं मोजली.

“म्हंजे दीड कप झाला की वो!” बायको म्हणाली. लेकरांना ती हेच शिकवते.

डॉक्टरांनी मला हात जोडले. नळीचं तूर्त राहू द्या म्हणाले, आठ दिवसांनी परत मोजू.

ते आठ दिवस बायको माझ्याशी कामापुरतंच बोलली. मधेच एकदा एकटी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आली. दुसऱ्या खेपेला दिलीप गाडी घेऊन हिंगोलीलाच आला, ती गाडीत माझ्या शेजारी. डोंगरकडा आलं तशी तिनं काच वर केली. सासूबाई रस्त्यावर थर्मास घेऊन उभ्या होत्या! दिलीपनं गाडी थांबवली नाही. सख्खी आई असून!

या वेळी रिपोर्ट आला, रक्त बराबर. मग चक्कर? सकाळपासून दुपारी दोनपर्यंत माझ्या पोटात चहाशिवाय काही नसायचं आणि मी खुर्चीतून फटकन उठायचो. “वेळेवर जेवा आणि सावकाश उठा,” एवढंच औषध!

बाहेर आलो तो थेट टपरीवर. “दोन फुल!”

बायकोनं माझा हात धरला. “एकच सांगा. तुमचा चहा म्या नागनाथाला सोडला. रिपोर्ट चांगला यावा म्हनून नवस बोलले व्हते.”

“अगं, नवसाला आपल्या आवडीची वस्तू सोडावी लागती! तू माझी काहून सोडली?”

“माझ्या आवडीची वाचावी म्हनूनच तर गेलते,” ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

मलाही भरून आलं. भर रस्त्यात, टपरीसमोर. पण जित्याची खोड. जरा वेळानं मी हळूच विचारलं, “पन अर्धा तरी...?”

“अर्धा, पाव आन बशीतला घोट बी न्हाई. देवाला समदं इस्कटून सांगितलं म्या.”

माहिती खरी होती आणि सविस्तर भरलेली होती. असा अर्ज मी आजवर कोणाचा परत केलेला नाही.