मुकं कथील

जिक्रा एका जागी बसत नव्हती. दोन घास खाऊन उठायची, दाराशी जायची, परत यायची, आणि ताट तसंच टाकून जिन्याकडे पळायची. हाक मारली तर तिसऱ्या-चौथ्या हाकेला वळून बघायची, आणि तेही असं, की जणू हाक दुसऱ्याच कुणाला मारली असावी. वय सहा. नुकतीच पहिलीत गेलेली.

तिच्या दादांना, म्हणजे आजोबा महेबूबचाचांना, हे बघवत नव्हतं. चाचांनी पन्नास वर्षं कल्हई केली होती. जवानीत सायकलला भाता बांधून नांदेडहून अर्धापूर, मुदखेड, भोकर अशी गावं पालथी घातलेली. आता गुडघे गेले म्हणून इतवारा भागातल्या घराच्या अंगणातच भट्टी. लोक तांब्या-पितळेची भांडी आणून द्यायचे. घासणं, तापवणं, नवसागर मारणं, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवणं, यातलं एक काम हातात असताना दुसऱ्याकडे बघायचं नाही, हा त्यांचा नेम. मध्येच उठणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नसत.

सप्टेंबरात शाळेतून बोलावणं आलं. मुलगा अकरम ट्रक घेऊन हैदराबादला गेलेला, म्हणून सून जेबाबरोबर चाचाच गेले.

वर्गशिक्षिका लताबाईंनी वही पुढं केली. "चाचा, पोरगी खोडकर नाही. खोडकर पोरं मला लांबून कळतात, सत्तावीस वर्षं तेच बघतेय. ही विसरते आहे. जूनमध्ये स्वतःचं नाव लिहायची. आता 'ज' काढते आणि पेन्सिल ठेवून देते. पुढं काय, ते तिला सापडतच नाही."

"घरी मारून-मुटकून बसवतो, बाई."

"मारू नका. डॉक्टरला दाखवा, आणि लवकर दाखवा. डोकं घडायचं वय हेच. आत्ता हातातून निसटलं ते पुढं लई महागात पडतं."

घरी आल्यावर जेबानं मोबाईल पत्र्याच्या पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. "सगळं ह्याचंच. बघत बघत जेवायची, बघत बघत झोपायची."

तीन आठवडे मोबाईल पेटीत राहिला. जिक्रा पहिले चार दिवस रडली, मग मोबाईल विसरूनही गेली. पण बसणं काही आलं नाही. चाचांना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी ताटात मूग आणि ज्वारी एकत्र केली आणि तिच्यापुढं ठेवली. "हे निवडल्याबिगर उठायचं न्हाई."

दोन मिनिटांत ती उठली.

"बस."

बसली. परत उठली. "दादा, पोट दुखतंय."

"काम दिसलं की दुखतं. कामचोर. आमच्या खानदानात असलं कुणी निपजलं न्हाई."

आतून चाचांची बायको अमीरबी ओरडली, "हाव, तुमच्या खानदानात सगळे हातात चिमटा घेऊनच जन्मले! सहा वर्षांची हाय ती, कारखान्यात नोकरीला लागली का?"

त्या दिवशी चाचांनी जिक्राच्या पायाला ओढणीचं टोक बांधलं आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. गाठ सैलच होती. जेबा बाहेर आली, तिनं गाठ सोडली, पोरीला कडेवर घेतलं. संध्याकाळी सासऱ्याला म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे नेते. यायचं असंल तर या."

लहान मुलांच्या डॉक्टर मुग्धाबाईंनी जिक्राची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी फटक. पोट दाबून बघितलं. "दुखतं का ग?"

"रोज," जिक्रा म्हणाली, आणि टेबलावरचा शिक्का उचलून पळाली.

जेबाचा चेहरा उतरला. पोट दुखतंय हे पोरगी दोन महिने सांगत होती. शाळा चुकवायचा बहाणा म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"घरात कोण काय काम करतं? बॅटरीचं, रंगाचं, भांड्यांचं काही?"

"कल्हई," चाचा म्हणाले. छाती थोडी पुढं आली. "पन्नास वर्षं. अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नांतल्या डेगा मी चमकवल्या."

बाईंनी मान हलवली आणि चिठ्ठीवर आणखी एक तपासणी लिहिली. चाचांना ते आवडलं नाही. रोग पोरीला आणि चौकशी आमच्या धंद्याची.

रिपोर्ट पाच दिवसांनी आला. ते पाच दिवस चाचा अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. भट्टी पेटवायचे आणि भांडं न घेताच विझवायचे.

"रक्तात शिसं आहे," मुग्धाबाई म्हणाल्या. "खरं तर असायलाच नको. पाचाच्या वर गेलं की आम्ही धावपळ करतो. हिचं एकतीस आहे. लहान मुलाचा मेंदू अजून बांधला जात असतो, चाचा. शिसं तिथं जाऊन बसतं. मग लक्ष टिकत नाही, पाठ राहत नाही, मूल सारखी चुळबुळ करतं. अंगात रक्त कमी असलं की ते जास्तच शोषलं जातं. मोबाईल बंद केलात ते चांगलंच झालं. पण दुखणं तिथलं नाही." मग जेबाकडे वळून त्यांनी विचारलं, "हिचं जेवण कशात शिजतं?"

"तांब्याच्या डेगचीत. अब्बांनीच कल्हई केलेली. हिला खट्टी दाळ लागते रोज, चिंचेची."

"आंबट. त्यानं कल्हईतलं शिसं सुटतं."

"बाईसाब," चाचा उठून उभेच राहिले. "आमच्या भट्टीत शिसं येत न्हाई. खालिस कथील. पट्टी कानाजवळ धरून वाकवायची. खरं कथील आतून किरकिरतं, दातात वाळू आल्यासारखं. शिसं मुकं असतं. भेसळ असली तरी मुकंच. पन्नास वर्षांत एक पट्टी मी न ऐकता घेतली न्हाई."

"मी तुमच्या कामावर शंका घेत नाही. घरी जाऊन एकदा बघा, एवढंच."

घरात शिरताच चाचांनी फळीवरून उरलेली पट्टी काढली, कानाशी धरली, वाकवली. काही नाही. दुसऱ्या कानाशी धरली. काही नाही.

"अमीरबी, इकडं ये. कान दे."

"आता काय ऐकवता?"

"किरकिरतं का सांग."

अमीरबीनं मन लावून ऐकलं. "न्हाई. गप हाय."

चाचांनी पेटीच्या तळातून जुन्या वेळचा एक तुकडा शोधला. आठ-दहा वर्षांपूर्वीचा. तो वाकवला.

"हे किरकिरलं," अमीरबी म्हणाली. "चांगलं जोरात किरकिरलं."

चाचांना तोही ऐकू आला नव्हता.

ते मोरीच्या कठड्यावर बसले. कान कधी गेले, तेच त्यांना माहीत नव्हतं. अकरमनं दोन वर्षांपूर्वी कानाच्या मशीनची गोष्ट काढली होती, तेव्हा चाचांनी त्याला झापलं होतं. रमजानच्या आधी मल्लिनाथ मोडवाल्याच्या दुकानात त्यांनी पट्ट्या घेतल्या, तेव्हा शेजारी पत्रा ठोकणं चाललं होतं. पट्टी कानाशी धरली, वाकवली, आवाज आला नाही. शेजारच्या ठोकाठोकीत बुडाला असंल, असं मनाशी म्हटलं आणि मान डोलावली. एवढ्या लोकांसमोर महेबूबनं दोनदा पट्टी वाकवायची? नंतर भट्टीवर ते कथील लवकर वितळलं, सहज पसरलं, दंडाला कमी ताण पडला. चाचा खूश झाले होते. हात अजून चालतो, म्हणाले होते. आठवड्याभरात कल्हई काळवंडली, तर दोष नळाच्या पाण्याला दिला.

अख्खं आयुष्य त्यांनी कमी कष्टात झालेल्या कामावर संशय घेतला. एकदाच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मल्लिनाथकडे गेले. मल्लिनाथ गल्ल्यावरून उठला नाही. "चाचा, बॅटऱ्यांचा माल मिसळतात कुठं कुठं, मला काय ठाऊक? तुम्हीच वाकवून बघितलंत ना? नांदेडात तुमच्यावर कोण बोलणार?"

चाचा दुकानाच्या पायऱ्या उतरले.

घरी जेबा बॅग भरत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भट्टीची राख आणि अंगणातली मातीही चांगली नाही, पोरगी तिथंच खेळते. जेबाचं माहेर चाकूरला.

"किती दिवस?" चाचांनी विचारलं.

"अंगण साफ होईपर्यंत."

"साफ म्हणजे?"

"तुम्ही भांडं घासता तसं. मी येऊन बघीन, मग ठरवीन." मग तिनं बॅगची चेन ओढली. "तिचं पोट खरंच दुखत होतं, अब्बा. आणि तुम्ही तिला कामचोर म्हणालात. मीबी ऐकून घेतलं."

एस. टी. स्टँडवर जिक्रा आईचा हात सोडून तीनदा पळाली. तिन्ही वेळा चाचा तिच्यामागं लंगडत गेले. एकदाही ओरडले नाहीत.

मग त्यांनी काम काढलं. भट्टी मोडली. माती आधी पाणी मारून भिजवायची, धूळ उडू द्यायची नाही, तोंडाला फडकं बांधायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चाचा वीतभर खोल खणत गेले. शेजारचा चंद्रप्पा गवंडी भिंतीवरून बघायचा. "चाचा, विहीर काढून राहिलात का? चार बोटं बास हाय की."

"चार बोटं कुणी मोजली? तू?"

"तुमचे गुडघे मोजतील."

नऊ दिवस लागले. माती पोत्यांत बांधून गावाबाहेर, जिथं पालिकेच्या माणसानं दाखवलं तिथं, खोल पुरली. चंद्रप्पानं शहाबादी फरशी बसवून दिली. एक फरशी हलत होती, ती चाचांनी उखडायला लावली आणि परत बसवून घेतली. घरातले सगळे कोनाडे, फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या. एकदा नाही, तीनदा. अमीरबी म्हणाली, "भिंतीबी झिजवता आता." पण ती बादलीतलं पाणी बदलून देत राहिली.

तरी पाय थांबेनात. त्या पट्ट्यांची कल्हई आणखी चौदा घरांत गेली होती. चाचांच्या डोक्यात प्रत्येक भांडं होतं. कुणाचा हंडा, कुणाची परात, कुठं पोचा, कुठं डाग. अकरम परत आल्यावर बापाला मोटारसायकलवर बसवून घरोघर नेऊ लागला. प्रत्येक दारात चाचा तेच सांगायचे. "माझ्या हातून खोटं काम झालं. त्यात शिजवू नका. लेकरं असतील तर रक्त तपासा."

दत्तोपंत पेन्शनर हसले. "महेबूबभाई, आमच्या घरात धाकटा मीच, बहात्तरचा. आमची डोकी आधीच गेली, शिशाला काही उरलं नाही."

"हसू नका, पंत. पातेलं द्या."

पंतांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि पातेलं आणून दिलं.

अर्धापूरला माणिकप्पा केळीवाल्याच्या घरी मात्र सासू अडून बसली. सून विशाखा पोटुशी, पदराशी दीड वर्षाचा पोरगा. "देवाच्या नैवेद्याची परात हाय ती. बारा साल तुम्हीच कल्हई करता. आज अशी कशी खोटी झाली?"

"आज न्हाई. रमजानपासून."

"दिसत तर काही न्हाई."

"मलाबी दिसलं न्हाई, आई. माझ्या नातीला आता स्वतःचं नाव लिहिता येत न्हाई."

विशाखा आतून परात घेऊन आली. सासूला न विचारता तिनं ती चाचांच्या हातात ठेवली आणि विचारलं, "रक्त कुठं तपासतात?"

दीड महिन्यानं जेबा चाकूरहून थेट डॉक्टरकडे उतरली. शिसं अठरावर आलं होतं. चाचा दारात उभे होते, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"गेलेलं सगळं परत येईल का?"

"सगळं येईल असं मी म्हणणार नाही," मुग्धाबाई म्हणाल्या. "काही येईल. आकडा अजून उतरायला हवा, दर महिन्या-दोन महिन्यांनी बघू. दूध, अंडी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे द्या. लोहाचं औषध चुकवू नका. झोप वेळेवर. आणि तिच्याशी बोला. ती जिकडं बघते तिकडं तुम्हीही बघा. गोष्टी सांगा. निवडणं-टिपणं लावून तिला जागेवर बांधू नका."

चाचांनी मान खाली घातली.

घरी जेबानं अंगणभर अनवाणी फिरून बघितलं. कोपऱ्यात बोट फिरवलं, उजेडात धरलं. मग बॅग आत नेली.

दुपारी जिक्रा चाचांजवळ आली. चाचांना गोष्टी येत नव्हत्या. राजा-राणी कधी ऐकलीच नव्हती. लहानपणी भाता ओढला होता. मग म्हणाले, "किनवटला एका लग्नात लई मोठी डेग होती. एवढी, की घासायला मी आतच उतरलो."

"आत?"

"आत. मग वरून कुणीतरी..."

जिक्रा उठली. नळाकडे गेली, पाण्यात हात घातला, मांजरीमागं जिन्याच्या चार पायऱ्या चढली. चाचांच्या जिभेवर 'बस' आलं. त्यांनी ते गिळलं. पायऱ्यांवरून ती खाली आली, पेटीवर चढली, उतरली, दारातून गल्लीत डोकावली. गोष्ट सांडली, असं चाचांना वाटलं.

ओले हात फ्रॉकला पुसत ती परत आली. "मग बाहेर कसं आले, दादा?"

पोरीनं डेग सोडली नव्हती.

"सांगतो," ते म्हणाले. पण ती तोवर पुन्हा दाराकडे निघाली होती. चाचांनी गुडघ्यावर हात टेकला, उठले, आणि तिच्यामागं चालत चालत पुढचं सांगू लागले.