टाकीतली पंगत

नंदुरबारच्या उन्हाळ्यात आमच्या घरात माणसं कूलरसमोर आळीपाळीने बसतात, पण दोन ॲक्सोलॉटलांच्या टाकीत मी रोज बर्फाच्या बाटल्या सोडते. हौस माझी, म्हणून बोलणीही मीच खाते. ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा, मानेपाशी पिसांसारखे कल्ले असलेला वीतभर प्राणी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना पालीच्या जातीत टाकलं. त्यात हे गांडुळं खातात आणि घर आमचं शाकाहारी. गांडुळं कोरीटच्या आमच्याच शेतातल्या खताच्या खड्ड्यातून आणायची, पण ठेवायची जिन्याखाली, असा तह झाला.

यांना जेवू घालायचं तर शिस्त लागते. नजर अधू, तोंडापुढे हलेल ते आत ओढायचं, मग ते गांडूळ असो की सोबत्याचा पाय. म्हणून मी मध्ये जाळी लावायचे आणि लांब चिमट्याने आधी एकाला भरवायचे, मग दुसऱ्याला.

एकाने खायचं आणि दुसऱ्याने ताटकळायचं, हे सासूबाईंना बघवत नसे. त्यांचा जन्म वाढण्यात गेला. गावच्या लग्नात वरणाची बादली त्यांच्या हातात असली की पानावर हात आडवा धरायची कुणाची टाप नव्हती. घरीही मी 'पुरे' म्हटलं की त्यांना नेमकं ऐकू येत नसे आणि तिसरी पोळी ताटात पडे. लग्न झाल्यापासून मी त्या तिसऱ्या पोळीशी लढत होते.

“एक खाई ऱ्हायना नि दुसरा तोंडकडे देखी ऱ्हायना,” त्या म्हणायच्या. “अशी रीत ऱ्हास का पंगतनी?”

एकदा मला शाळेतून यायला उशीर झाला. सासूबाईंनी जाळी काढली आणि सढळ हाताने दोघांना एकदमच वाढलं. मी आले तेव्हा धाकट्याचा पुढचा एक पाय नव्हता. थोरला हसत होता. या प्राण्यांच्या तोंडाची ठेवणच तशी, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला.

“आई, यांना पाय परत फुटतो,” मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

“मन्हा हातवर आजलोंग कोनी उपाशी उठनं नहीं,” त्या म्हणाल्या, “नि आते मन्हाच पंगतमा त्याना पाय गया.”

त्या रात्रीपासून पोळ्यांचा डबा मधोमध आला. ज्याने त्याने आपलं घ्यायचं. दोन दिवस मी खुशीत होते. मग लक्षात आलं, मी दोन पोळ्यांवर उठते आणि तासाभराने बरणीतले शेंगदाणे खाते. डबा हाताशीच होता, तरी तिसरी आपल्या हाताने घ्यावीशी वाटेना. मला त्यांच्या आग्रहाची आठवण येत होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सासूबाई रोज सकाळी टाकीपाशी जाऊन बघत. काही आठवड्यांनी त्यांनीच मला हाक मारली. धाकट्याच्या खांद्याशी इवलासा कोंब आला होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग जाळी स्वतः लावली, चिमटा मागितला आणि आधी धाकट्याला भरवलं. थोरल्याला थांबावं लागलं.

रात्री डबा पुन्हा त्यांच्या मांडीशी होता. दोन पोळ्या झाल्यावर मी सवयीने 'पुरे' म्हणाले.

“जेवनवरच त्याले नवा पाय फुटी गया,” त्या म्हणाल्या. “तू खाय गुपचूप.”

मी हात आडवा धरला, पण जरा उशिरानेच.